ताफ्याशिवाय वेंगुर्ल्याला या

मा. पर्यटनमंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई यांस



हे पत्र वेंगुर्ल्यातून लिहीत आहे. सिंधुदुर्ग जिल्हा १९९७ साली पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर झाला, तेव्हापासून या किनाऱ्यावर काय उभारावं याची चर्चा मुंबईत होत आली आहे. शिरोड्याच्या वेळागरवर पंचतारांकित हॉटेल यायचं म्हणून जमिनी घेतल्या गेल्या आणि त्यावरून उठलेला वाद बापाकडून मुलाकडे गेला. चिपीचा विमानतळ ९ ऑक्टोबर २०२१ रोजी सुरू झाला. आता निवती रॉकजवळ नौदलातून निवृत्त झालेली ‘गुलदार’ ही नौका समुद्रतळाशी नेऊन पाण्याखालचं पर्यटन उभारायचं काम तुमच्या खात्याने हाती घेतलं आहे. या प्रत्येक गोष्टीवर गावात मतं आहेत, उलटसुलट आहेत, आणि ती मांडायला सभा होतात. हे पत्र त्यासाठी नाही.

माझी विनंती वेगळी आहे. तीन दिवस काढून वेंगुर्ल्याला या, पण दौऱ्यावर येऊ नका. ताफा, पुष्पगुच्छ, विश्रामगृहावरची बैठक, यातलं काही नको. घरच्या माणसांना घेऊन या आणि इथे एरवी येणाऱ्या पाहुण्यासारखे राहा. पाहणी दौऱ्यात जागा दिसतात, तास दिसत नाहीत. वेंगुर्लं तर तासांवर चालतं. भरती-सुकतीचे तास, मंडईचे तास, दुपारी दारं लोटलेली असतात ते तास, जत्रेच्या रात्रीचे तास. ते न कळता इथे जे बांधलं जाईल ते गावाच्या आड येईल. म्हणून इथे कसं यावं, कुठे बसावं, काय खावं आणि केव्हा गप्प राहावं, ते सांगतो.

नाताळ ते नववर्षाचा आठवडा टाळा. मे महिन्यातले शनिवार-रविवारही टाळा. त्या दिवसांत तुम्हाला वेंगुर्लं भेटणार नाही, वेंगुर्ल्यात आलेली शहरं भेटतील. मार्गशीर्ष-पौषात आलात तर जत्रा लागलेल्या असतात, हवा कोरडी असते, समुद्र शांत असतो. मार्चच्या आसपास आलात तर ओले काजूगर मिळतील. जून-जुलैत यायचं तर समुद्रात उतरायचं मनात आणू नका आणि ताज्या सुरमईची अपेक्षाही धरू नका. १ जून ते ३१ जुलै यांत्रिकी मासेमारी बंद असते. पण लाल मातीचा पाऊस बघायचा असेल तर ते महिनेही आमचेच आहेत.

रेल्वेने या. कोकणकन्या रात्री मुंबईहून निघते ती सकाळी कुडाळला आणते. कुडाळहून वेंगुर्लं पंचवीसेक किलोमीटर, सावंतवाडीहूनही साधारण तितकंच. पण गाडीतून उतरल्यावर सरकारी मोटारीत बसू नका. रिक्षा करून एसटी स्थानकावर जा आणि वेंगुर्ल्याच्या बसची वाट पाहा. बॅगा आणि लहान मुलं घेऊन तिथे बसलेल्या कुटुंबाला काय वाटतं, ते कुठल्याही अहवालात वाचायला मिळणार नाही. विमानतळ झाला, रेल्वे धावते, पण उतरलेल्या माणसाला शेवटच्या पंचवीस किलोमीटरसाठी खासगी गाडीवाचून पर्याय राहत नाही, तेव्हा ती गाडी पुढे किनाऱ्यावरही येते. रेल्वेच्या आणि विमानाच्या वेळेला जोडून दोन-चार बस सुरू झाल्या, तर गावातली गर्दी माणसांची राहील, मोटारींची होणार नाही.

वाटेत पिंगुळी लागेल. तिथे उतरायला हरकत नाही. ठाकर समाजाने जपलेली चित्रकथी आणि कळसूत्री बाहुल्या तिथे बघायला मिळतात. ती कला आयुष्यभर सांभाळणाऱ्या परशुराम गंगावणे यांना २०२१ साली पद्मश्री मिळाली. आधी कळवलंत तर खेळही दाखवतात. नुसती चित्रं पाहून निघू नका, कथा ऐका. ती चित्रं सांगण्यासाठीच काढलेली असतात.

मुक्काम कुणाच्या तरी घरी करा. तुमच्याच खात्याची निवास व न्याहारी योजना आहे, महिलांनी पर्यटन व्यवसायात यावं म्हणून ‘आई’ धोरण आहे. त्याचा अर्थ इथल्या एखाद्या काकूंच्या स्वयंपाकघरात कळतो. नारळी-पोफळीच्या बागेत दोन जादा खोल्या बांधलेल्या, अंगण सारवलेलं, तुळशीपाशी दिवा, मागच्या पडवीत नारळ सोलून ठेवलेले. सकाळी घावणे आणि चटणी, किंवा आंबोळी आणि काळ्या वाटाण्याची उसळ. काकू पहिला प्रश्न विचारतील, “खयसून इल्यात?” दुसरा विचारतील, “मासे खातास मां?” या दोन उत्तरांवर तुमचा पुढचा दिवस ठरतो. खोलीत टीव्ही नसेल. रात्री गरम पाणी मागितलंत तर चूल पेटवावी लागेल, म्हणून वेळेत सांगा. अशा घरांना कर्जाचा अर्ज भरायला आणि परवान्याच्या खेपा वाचवायला कुणी मदत केली, तर गावाचा पैसा गावात राहील. मोठ्या हॉटेलात इथल्या मुलीला काम मिळतं हे खरं. या घरात ती मालकीण असते.

पहिली सकाळ नवाबागच्या किनाऱ्यावर घालवा. उजाडायच्या आत पोहोचा. रापण लागली असेल तर तुमचं नशीब. होडी जाळं घेऊन किनाऱ्यापासून आत जाते, अर्धवर्तुळ करून परत येते आणि मग जाळ्याची दोन्ही टोकं दोन बाजूंनी माणसं ओढू लागतात. बायका, म्हातारे, शाळेला जायच्या आधी आलेली पोरं, सगळे दोरीला असतात. ओढायला बराच वेळ लागतो. घाई केली तर जाळं फाटतं. शेवटी वाळूवर येतात ते पेडवे, बांगडे, कधी सौंदाळे, कधी नुसताच कचरा आणि जेलीफिश. जे येईल त्याचे वाटे पडतात. होडीचा वाटा, जाळ्याचा वाटा, माणसांचे वाटे. दोरीला हात लावलेल्या परक्या माणसाच्याही हातावर चार मासे ठेवायची रीत आहे. तुम्हीही दोरीला हात लावा. फोटोसाठी एक मिनिट उभे राहू नका, जाळं वर येईपर्यंत ओढा.

ओढताना शेजारच्या माणसाशी बोला. तो तुम्हाला पर्ससीन जाळ्यांबद्दल आणि एलईडी दिव्यांबद्दल सांगेल. खोल समुद्रात प्रखर दिवे लावून मासळी गोळा केली, पूर्ण थवाच एका जाळ्यात उचलला, तर किनाऱ्याकडे यायला काही उरत नाही. केंद्राने दिव्यांच्या मासेमारीला २०१७ साली बंदी केली. त्याआधी, २०१६ च्या फेब्रुवारीत, राज्याने पर्ससीनवर निर्बंध आणले. कागद बरोबर आहेत. गस्त अपुरी पडते. हा विषय मत्स्यव्यवसाय खात्याचा आहे, तुमचा नाही, असं वाटणं साहजिक आहे. पण पर्यटक वेंगुर्ल्याला मासे खायला येतो आणि रापण बघायला थांबतो. रापण ओढणारा गाबीत समाज किनाऱ्यावरून उठला, तर त्या वाळूवर खुर्च्या आणि छत्र्या राहतील. म्हणून मंत्रिमंडळात त्या खात्याच्या बाजूने तुमचाही आवाज हवा.

तिथून मासळी मंडईत या. मंडईला शिस्त आहे, ती पाळा. आधी एक पूर्ण फेरी मारायची, काही विचारायचं नाही. मग ज्या ताईंकडे मासळी चांगली दिसली तिथे थांबायचं. बांगड्याचे कल्ले उघडून बघितलेत तर त्या रागावणार नाहीत. कल्ले लालभडक, डोळा फुगीर आणि चकचकीत, अंग बोटाने दाबलं की परत वर येणारं, एवढं असलं की मासा आजचा. त्यांनी सांगितलेला भाव थोडा उतरवायचा, फार नाही. घेतलेला मासा साफ करून देतात, त्याचे पैसे वेगळे. आणि फोटो काढायचा असेल तर आधी विचारायचं. पहाटेपासून पाट्यांमागे बसलेल्या बाईवर विचारल्याशिवाय कॅमेरा धरणारे पाहुणे अलीकडे वाढले आहेत. त्या काही बोलत नाहीत, पण चेहरा फिरवतात.

घेतलेली मासळी घरी नेऊन काकूंच्या हाती द्या. बांगड्याच्या कढीत तिरफळं पडतील. ती चावायची नसतात, ताटाच्या कडेला काढून ठेवायची असतात, जीभ बधिर होते. ओल्या नारळाचं वाटण, आंबटपणाला आमसुलं, उकड्या तांदळाचा भात, शेवटी सोलकढी. तिसरे, म्हणजे शिंपले, मिळाले असतील तर त्यांचं सुकं. शाकाहारी असाल तर काजूगराची उसळ, फणसाची भाजी, वालीची भाजी, यांत काही कमी पडणार नाही. कोंबडीचा बेत असेल तर वडे-सागोती. गोड हवं असेल तर शिरवाळे आधी सांगून ठेवा. उकडलेल्या तांदळाच्या पिठाचा गोळा साच्यातून दाबून त्या शेवया काढायला दोन माणसांची ताकद लागते, म्हणून ते ऐन वेळी होत नाहीत. त्या गूळ घातलेल्या नारळाच्या रसात बुडवून खायच्या.

मग दुपार. बाजारात शुकशुकाट होतो. दुकानांची दारं ओढलेली, रिक्षा सावलीला, कुत्री पारावर. बाहेरून येणाऱ्या अधिकाऱ्यांना आणि गुंतवणूकदारांना हे दृश्य खटकतं. इथल्या लोकांना कामाची हौस नाही, असं त्यांचं मत होतं आणि मग ते कागदावर उतरतं. माझी कळकळीची विनंती आहे की त्या दुपारी घड्याळ उलटं मोजा. होडीवर गेलेला माणूस मध्यरात्रीनंतर उठलेला असतो. मंडईतली बाई पहाटे चारला घराबाहेर पडलेली असते. काजूच्या कारखान्यातल्या बायका चीक लागू नये म्हणून हाताला तेल लावून सकाळभर बसलेल्या असतात. दमट उन्हात दुपारी दोन तास पडणं हे त्या कामाचंच एक अंग आहे. संध्याकाळी हीच माणसं पुन्हा उभी असतात. तुम्हीही पडा. खिडकीतून वारा येईल.

गावाला हा निवांतपणा आला कुठून, तेही पाहण्यासारखं आहे. चार वाजता उठून डच वखारीकडे जा. सतराव्या शतकात, १६३७ च्या सुमारास, डचांनी इथे ठाण मांडलं. गोव्यातल्या पोर्तुगीजांवर नजर ठेवायला आणि जहाजांना रसद पुरवायला हे बंदर त्यांच्या सोयीचं होतं. पुढे १८१२ साली वेंगुर्लं सावंतवाडीकडून इंग्रजांकडे गेलं. बेळगावच्या छावणीची माणसं आणि माल इथे उतरायचा आणि आंबोलीचा घाट चढून वर जायचा. नगरपालिकाही इथे १८७६ साली झाली, यावरून त्या काळातली वर्दळ लक्षात येईल. मग एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मुरगावहून घाटावर रेल्वे गेली आणि व्यापार तिकडे वळला. मुंबई-गोव्याच्या आगबोटी तेवढ्या येत-जात राहिल्या, पुढे त्याही थांबल्या. १९९८ साली कोकण रेल्वे पूर्ण झाली ती कुडाळ-सावंतवाडीवरून गेली, किनारा पुन्हा बाजूला राहिला. वाहतुकीचे रस्ते दोनदा वेंगुर्ल्याला वळसा घालून गेले, त्यातून हा निवांतपणा शिल्लक राहिला आहे. त्यामागे खूप घरांनी मुंबईला पाठवलेली मुलं आहेत, बंद पडलेली दुकानं आहेत. तेव्हा या शांततेचं कौतुक करताना तिची किंमत कुणी मोजली तेही ध्यानात असू द्या. आम्हाला रोजगार हवाच आहे. तो ही शांतता विकून नको, तिच्यावर जगता येईल असा हवा आहे.

वखारीच्या भिंती मात्र पडत चालल्या आहेत. वास्तू संरक्षित आहे, पण झाडांची मुळं भिंतीत शिरली आहेत. समुद्राखाली नौका नेण्याइतका खर्च करता येतो, तर जमिनीवरची ही वास्तू उभी राहील एवढं तरी करता यावं. पुरातत्त्व खात्याशी बोला. तिथे एक जाणता माणूस नेमला आणि बंदराचा हा इतिहास मराठीत नीट मांडून ठेवला, तरी पाहुणा तासभर रमेल.

संध्याकाळ सागरेश्वरला. सुरूच्या बनातून वाळूवर या. पांढरी वाळू लांबपर्यंत पसरलेली, माणसं तुरळक. इथे काय करायचं, असं मुलं विचारतील. काही करायचं नाही. चालायचं, कुर्ल्यांची बिळं बघायची, पाय भिजवायचे. पोहायचं असेल तर स्थानिक माणसाला विचारल्याशिवाय उतरू नका. खाडीच्या तोंडाशी आणि भरती उतरताना पाणी आत ओढतं, वरून ते कळत नाही. दर वर्षी या किनाऱ्यांवर कुणी ना कुणी बुडतं आणि ते बहुधा बाहेरगावचं तरणं मूल असतं. त्याच्या आईवडिलांना पोलीस ठाण्याच्या बाकावर बसलेलं आम्ही पाहतो. प्रशिक्षित जीवरक्षक बारा महिने नेमा, नुसत्या हंगामापुरते नको, आणि ते इथल्याच गाबीत पोरांमधून नेमा. त्यांच्याइतकं हे पाणी कुणाला कळत नाही.

वाळूवर गाडी नेऊ देऊ नका. हे मी विनवणी म्हणून लिहितो. वायंगणीच्या किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालायला येतात. मादी रात्री येते, वाळूत खड्डा करून शंभराच्या आसपास अंडी घालते, ती बुजवून निघून जाते. पन्नासेक दिवसांनी पिल्लं बाहेर येतात आणि जिकडे उजेड असेल तिकडे धावतात. समुद्राच्या बाजूचं आभाळ उजळ असतं, म्हणून ती पाण्यात पोहोचतात. किनाऱ्यावर झगझगीत दिवे लागले की ती उलट दिशेला जातात आणि मरतात. गाडीच्या चाकाखाली तर आतली अंडीच दडपली जातात. गावातल्या माणसांनी ही घरटी राखली, पिल्लं सोडण्याचे कासव महोत्सव केले, पाहुणे बोलावले. पहाटे उठून ती हातभर वाळू ओलांडणारी पिल्लं तुमच्या घरातल्या मुलांना दाखवा. त्यांना दुसरी कसली करमणूक लागणार नाही.

याच वायंगणीकडे कोंडुरा नावाची जागा आहे. चिं. त्र्यं. खानोलकर वेंगुर्ल्याजवळच्या बागलांच्या राईत १९३० साली जन्मले. त्यांनी ‘कोंडुरा’ ही कादंबरी लिहिली, तिच्यावर श्याम बेनेगलांनी चित्रपट केला. वेंगुर्ल्यातच १९२९ साली मंगेश पाडगावकर जन्मले. आरवलीचे जयवंत दळवी. शिरोड्याच्या शाळेत १९२० पासून १९३८ पर्यंत मुख्याध्यापक होते वि. स. खांडेकर, ज्यांच्या ‘ययाति’ला पुढे १९७४ चा ज्ञानपीठ मिळाला. पंधरा-सतरा किलोमीटरच्या पट्ट्यात मराठीला इतकं देणारा दुसरा किनारा मला माहीत नाही. या पट्ट्यात कुणी पाहुणा आला, तर त्याला हे सगळं एकत्र सांगणारी एक साधी पाटी हवी. खर्च नगण्य आहे. मनात आणलंत तर येत्या हंगामात होईल.

दुसऱ्या दिवशी शिरोड्याच्या रस्त्याने दक्षिणेला जा. मोचेमाडला वरच्या वळणावर थांबा, खाडी समुद्राला मिळताना दिसते. आरवलीला वेतोबाचं दर्शन घ्या. पुरुषभर उंचीहून मोठी मूर्ती आहे आणि तिच्यासमोर भक्तांनी वाहिलेल्या भल्यामोठ्या चामड्याच्या चपला ठेवलेल्या असतात. रात्री देव गावाभोवती फिरतो, म्हणून चपला झिजतात, अशी श्रद्धा आहे. केळ्यांचे घड नवसाला वाहतात. तिथे शांतपणे उभे राहा, इतकंच. शिरोड्याला मिठागरं बघा. १९३० च्या मे महिन्यात याच मिठागरांवर सत्याग्रह झाला आणि लोकांनी लाठ्या खाल्ल्या. आजही तिथे उन्हात मीठ पिकतं, माणसं फावड्याने ढीग ओढतात. त्या ढिगातलं किलोभर मीठ घेऊन या, स्वयंपाकात वापरा. वेळागरला सुरूच्या सावलीत बसा आणि जमिनीचा विषय निघालाच तर फक्त ऐका. रेडीचा यशवंतगड आणि गणपती हे वेळ उरला तर.

तिसऱ्या दिवशी सकाळी प्रादेशिक फळ संशोधन केंद्रात जा. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाचं हे केंद्र. ‘रत्ना’ आंबा इथला, ‘सिंधू’ही इथला, ज्याची कोय चपटी आणि अगदी पातळ असते. वेंगुर्ला-४, वेंगुर्ला-७ या काजूच्या जाती कोकणभर लागल्या त्या इथूनच. वेंगुर्ला काजूला भौगोलिक मानांकन मिळालं आहे. पाहुणा गोव्याहून काजू घेऊन येतो आणि वेंगुर्ल्यातून रिकाम्या हाताने जातो, कारण इथे कारखान्यात जाऊन घ्यायचा काजू त्याला कुणी दाखवत नाही. तुम्ही छोट्या कारखान्यातून घ्या. भाजलेला, सालीसकट मागा.

तिथून कचरा प्रकल्पावर जा. मी हे पूर्ण गंभीरपणे लिहितो. रामदास कोकरे मुख्याधिकारी असताना या नगरपरिषदेने कचऱ्याच्या डेपोचं रूप पालटलं. ओला-सुका वेगळा करून सुका पुन्हा वीसहून अधिक प्रकारांत निवडायचा, ओल्यापासून बायोगॅस आणि खत करायचं, प्लास्टिक बारीक करून रस्त्याच्या डांबरात घालायचं, असं काम उभं राहिलं. जिथे नाक धरून जावं लागे, तिथे माणसं बघायला येऊ लागली. एवढ्याशा गावाने घरोघरच्या बायकांच्या आणि सफाई कामगारांच्या बळावर हे केलं. पण निवडणाऱ्या हातांना मर्यादा असते. हंगामात पर्यटकांमागे येणाऱ्या बाटल्या आणि पाकिटं या गावाच्या घरगुती कचऱ्याच्या हिशेबात बसत नाहीत. पाहुण्यांची संख्या वाढवायचं उद्दिष्ट ठरवाल, तेव्हा त्या कामगारांशी पाच मिनिटं बोललेलं तुमच्या उपयोगी पडेल.

बर्न्ट आयलंडचे खडक, म्हणजे वेंगुर्ला रॉक्स, किनाऱ्यावरून स्वच्छ दिवशी दिसतात. तिथल्या गुहांत पाकोळ्या लाळेची घरटी करतात. या घरट्यांची पूर्वी तस्करी झाली आहे. सुरय पक्षीही तिथे वीण करतात. बोट काढून तिथे न्या, असा आग्रह तुम्हाला कुणीतरी करेल. जाऊ नका. विणीच्या काळात तर मुळीच नको. ‘गुलदार’चा प्रकल्प त्याच पाण्यात होतो आहे, तेव्हा बोटी कुठल्या वाटेने जातील, कुठे नांगर टाकतील आणि कुठल्या महिन्यांत थांबतील, हे पक्षी आणि मासे यांच्या अभ्यासकांना आणि निवतीच्या मच्छीमारांना बसवून आधी ठरवा. एकदा तिकिटं सुटली की नियम मागून लावता येत नाहीत.

तीन रात्रींपैकी एक रात्र जत्रेसाठी राखा. देवळाच्या आवारात खाज्याची दुकानं लागतात, पालखीची प्रदक्षिणा होते आणि मध्यरात्रीच्या सुमारास दशावतार उभा राहतो. मोचेमाडकर, पार्सेकर, आरोलकर अशी मंडळं याच तालुक्यातली. मंचावर पडदा आणि एक बाकडं. तेच सिंहासन, तोच डोंगर, तोच रथ. बाजूला पायपेटी, मृदंग आणि झांज. नट पेटाऱ्यावर बसून आपला चेहरा आपणच रंगवतात, बायकांची कामं पुरुष करतात. आधी गणपती येतो, मग काळ्या वेशातला संकासूर मालवणीत लोकांना हसवतो, मग आख्यान सुरू होतं. लिहिलेली संहिता नसते. कुठलं आख्यान लावायचं ते ठरतं आणि संवाद त्या रात्री उभ्या उभ्या सुचतात. धर्म काय, राजाने काय करावं, बापाने मुलाला शब्द द्यावा का, यावर दोन नट रात्री दोन वाजता वाद घालतात आणि समोर चटईवर बसलेली माणसं एकेक वाक्य तोलून ऐकतात. राक्षस प्रेक्षकांतून आरोळी ठोकत येतो तेव्हा पोरं आजीच्या कुशीत शिरतात. पहाटे दहीकाला होतो.

तुम्ही आलात हे कळलं तर आयोजक तुम्हाला मंचावर बोलावतील. प्रेमानेच बोलावतील. हात जोडून नाही म्हणा. आख्यानाच्या मध्ये सत्कार आणि भाषण झालं की नटाची तंद्री तुटते आणि रात्र पुन्हा जुळत नाही. चटईवर बसा, शेवटपर्यंत थांबा. दिवसा दुसऱ्याच्या शेतावर राबणारा माणूस रात्री राजा होऊन कसा बोलतो, ते ऐका. या कलावंतांना हॉटेलांत पाहुण्यांसाठी अर्ध्या तासाचा दशावतार करायला बोलावलं जातं. पोटासाठी ते जातातही. पण पाहुण्यालाच जत्रेपर्यंत आणता आलं, जत्रांच्या तारखांचं एक वेळापत्रक तुमच्या खात्याने दर कार्तिकात छापलं, तर कलावंताचा मान राहील आणि पाहुण्याला खरा दशावतार मिळेल.

पावसाआधी येणं झालं तर वैशाख अमावास्येला तुळसच्या जैतीर उत्सवाला या. मार्गशीर्षात यायचं ठरलं तर जत्रेच्या तिथी पाहून आम्ही दिवस सुचवू. खोलीची सोय होईल. फक्त निघण्याच्या आदल्या संध्याकाळी फोन करून किती माणसं आहेत, मासे खाणारी किती आणि न खाणारी किती, एवढं काकूंना सांगा. मासळी सकाळीच घ्यावी लागते.

आपला,
वेंगुर्ल्याचा एक रहिवासी